साडूचा फुकटचा बोगदा

माणसाचा जीव बायकोवर असावा, देवावर असावा, गेलाबाजार मटणाच्या रश्श्यावर असावा. माझ्या धाकट्या साडूचा जीव एका व्हीपीएनवर आहे. कर्जत-खालापुरात एवढा एकनिष्ठ आणि एवढा कंटाळवाणा प्रियकर दुसरा झाला नसेल. घरून कारखान्याच्या कॉम्प्युटरवर काम करताना मधे कुणी डोकावू नये म्हणून इंटरनेटमधून जो खाजगी बोगदा काढतात, तो व्हीपीएन. हे मला त्यानंच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्याचा लाडका बोगदा म्हणजे वायरगार्ड. नवा, फुकट, आणि कोड जगापुढे उघडा. दहिवलीच्या एका साखरपुड्यात त्यानं नवऱ्यामुलाच्या मामांना भर पंगतीत धरलं. "या बोगद्याला दोन चाव्या, मामा. एक जगाला वाटायची, दुसरी बायकोलापण सांगायची नाय." मामांनी जिलबी अर्धी टाकून हात धुतला. भिसेगावातल्या घरातही हाच कायदा. वायरगार्ड अनोळखी हाकेला उत्तरच देत नाही, म्हणून बेल वाजली की हाही गप्प. गॅसवाला भरलेलं सिलिंडर घेऊन दोनदा परत गेला, तेव्हा मेव्हणी कडाडली, "अवो, त्या मशिनला पोट नाय, आपल्याला हाय!"

खालापूरच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तिथं कॉम्प्युटर खात्यात त्याला मीच चिकटवला, त्यामुळे भोगही माझेच. आमचा जुना बोगदा जोडायला बसावं तर चहावर साय धरायची. हा दर सोमवारी नवा कागद लिहून साहेबांपुढे उभा: वायरगार्ड लावा. साहेब म्हणायचे, "फुकटची वस्तू, ती काय असणार?" एकदा त्यांनी त्याच्यासमोरच मला विचारलं, "काय हो, तुमचे साडू म्हणतात त्यात काही तथ्य आहे का?" तथ्य मला कळत नव्हतं, साहेबांचा चेहरा कळत होता. म्हणालो, "सोडा साहेब, त्याला नाद आहे." साडूनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. नंतर त्यानं कागद लिहिले नाहीत.

गेल्या खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेत एक नवंकोरं निळं खोकं मांडलेलं. मुंबईच्या कुणा एजंटानं आणलेला, भारी किमतीचा नवा व्हीपीएन. साहेबांनी स्वतः झेंडूचा हार घातला, भाषण ठोकलं. पूजेचं ताट धरायला साडू. पूजा आटोपल्यावर त्यानं खोक्याला लॅपटॉप जोडला, बराच वेळ बघत राहिला आणि मला खुणेनं बोलावलं. आत वायरगार्डच होता! वर नाव तेवढं एजंटाचं.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "चल, आत्ताच्या आत्ता साहेबांना सांगू."

त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "नको, दादा. मुळात फुकटचा हाय हे कळलं तर काढून टाकतील. आलाय, तर ऱ्हाऊ दे." त्याचे डोळे भरले होते. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात साहेब आले. "काय, जमेल ना तुम्हाला हे चालवायला?"

"शिकून घेईन, साहेब," साडू म्हणाला आणि हाराची सुटलेली गाठ बांधू लागला. तुझंच खरं होतं रे, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण साहेब समोर उभे होते. ते म्हणायचं अजून राहूनच गेलंय.