सूर्यावर सापडलेलं जिरं

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, काही वर्षांपूर्वी मौजे कवठे येमाई येथील एका गच्चीवरून सूर्यावर जिरे आढळून आले होते. हा शोध लावणारे आमचे शेजारी आप्पा दीड महिन्यापूर्वी गेले, म्हणून ही घोषणा मला करावी लागते आहे. त्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, फोन आला तेव्हा मी रांजणगावला कंपनीच्या बसमधून उतरत होतो. "दत्ता, आप्पा गेलं रं," एवढंच त्या म्हणाल्या. मी वर बघितलं. स्वच्छ ऊन पडलं होतं… आप्पांचा दिवस.

आप्पा आमच्या कंपनीत क्वालिटीला होते. सगळी नोकरी सुट्या भागांवरचे ओरखडे शोधण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी थेट सूर्याचंच इन्स्पेक्शन सुरू केलं. लोक दुर्बीण घेतात ती चंद्र-तारे बघायला. पण आप्पांना रात्रीचं जेवण झालं की झोप यायची, म्हणून सूर्य. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, हा पहिला नियम. "डोळा लावला की डोळा गेला," असं ते पाहुण्यांना चहाआधी सांगत. दुर्बिणीच्या मागं पांढरा पुठ्ठा धरायचा, त्यावर बशीएवढा सूर्य पाडायचा, आणि त्यातले काळे डाग कागदावर उतरवून पुण्यातल्या हौशी निरीक्षकांच्या गटाला पाठवायचे. तिथून ती चित्रं देशोदेशीच्या चित्रांत जाऊन मिसळत, आणि सूर्य कधी खवळतो, कधी निवतो याचा हिशेब लागत राही. "पुण्यात ढग आलं तर आपला कवठ्याचा सूर्य चालवून घेत्यात," हे आप्पा अशा थाटात सांगत, जणू सूर्य त्यांच्या सातबाऱ्यावर होता.

त्याच गच्चीवर काकूंचे पापड वाळत. एका उन्हाळ्यात आप्पांनी मला ड्युटीवर फोन केला. "दत्ता, लई मोठा डाग. शेपटीवाला." मी घरी जाताना अख्ख्या बसला बातमी दिली. आप्पांनी चित्र पुण्याला पाठवलं, आणि तिथला गट चालवणाऱ्या बाईंचं उत्तर आलं: बाकी कुणालाच हा डाग दिसत नाही, तुमच्याकडे दुसरा सूर्य आहे का? मी गच्चीवर पोचलो तेव्हा आप्पा पुठ्ठ्यासमोर हताश उभे होते. काकू पापड उलटायला आल्या, वाकल्या, नखानं तो डाग उचलला आणि तोंडात टाकला.

"जिरं हाय," त्या म्हणाल्या. "सकाळी पापड उडाया लागलं, तवा तुमचा पुठ्ठा ठेवला व्हता वर."

मी म्हणालो, आप्पा, गप्प बसा, कुणाला कळतंय. ते म्हणाले, "आरं, आज जिरं लपवलं तर उद्याचा खरा डाग कोण मानंल?" आणि त्यांनी पुण्याला कळवलं: 'सदर डाग जिरे होता. तो गृहिणीने खाल्ला आहे.'

तेव्हापासून आप्पा प्रत्येक डागाला पुठ्ठा हलवून बघत. पुठ्ठ्याबरोबर सरकला तर जिरं. पुठ्ठा सरकूनही सूर्यावर जागच्या जागी राहिला तर डाग. काकू खालून ओरडत, "हलवून बघितलं का?" आणि आप्पा वरून, "बघितलं, बघितलं." शेवटी शिरूरच्या दवाखान्यातही त्यांना एकच घोर होता. "दत्ता, माझ्यामागं गच्चीवर कोण जाईल रं?" काकू फणकारल्या, "मी न्हाई जायची. तुमची तुम्ही बरं होऊन जावा." दोघंही हसले… आप्पा जरा कमी.

परवाच्या रविवारी काकूंनी मला बोलावलं. "ती नळी पुण्याच्या लोकांस्नी देऊन टाक. पापडाला जागा व्हईल." मी पोतं आणि सुतळी घेऊन गेलो. बांधण्याआधी नीट चालते का बघावं म्हणून दुर्बीण सूर्याकडे वळवली, काकूंनी नाइलाजानं पुठ्ठा धरला. बशीएवढा सूर्य पडला. त्याच्या कडेला एक काळा, शेपटीवाला ठिपका. काकूंचं नख सवयीनं पुढं गेलं. खरवडलं. निघेना. त्यांनी पुठ्ठा डावीकडं सरकवला, उजवीकडं सरकवला. ठिपका सूर्याला धरून होता तिथंच.

सुतळी माझ्या हातातच राहिली, आणि दुर्बीण अजून त्या गच्चीवरच आहे. कारण काकू पुठ्ठा तसाच घट्ट धरून जिन्याकडं वळल्या आणि खालच्या रिकाम्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अवो, या की वर लवकर… ह्ये जिरं न्हाई!"