खंडेनवमीची साफसफाई

आता संगणकावर नावाची दोन अक्षरं टाकली की हवा तो प्रोग्राम पुढे येऊन उभा राहतो. त्याच्यावर बोट ठेवलं की सुरू. माझ्या हाताखालच्या मुली हे इतक्या सहज करतात की मला कधीकधी उगाच राग येतो, आणि मग स्वतःचंच हसू येतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या पाठीशी आप्पा, म्हणजे माझे वडील, बसले होते. त्यांच्या मांडीवर एक रिकामी पिशवी होती.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची ती शेवटची वर्षं. मी बोरीहून परभणीला मामांकडे राहायला आले होते, टायपिंग शिकायला. टायपिंग झालं, परीक्षा झाली, तरी मी परत जायचं नाव काढेना. कारण आमच्या इन्स्टिट्यूटच्या सरांनी निम्मी टायपिंगची मशीनं विकून एक संगणक आणला होता आणि माझा हात त्याच्यावर बसला होता. सर म्हणाले, दसऱ्याच्या मुहूर्तावर वर्ग सुरू करू, तू शिकव. नोकरी म्हणून शिकव.

आप्पांचं बोरीत कापडाचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. मुलीनं परगावी राहून नोकरी करायची ही गोष्ट त्यांच्या गळी उतरत नव्हती. "बंद पुकारला की एसटी जागच्या जागी उभी ऱ्हाती. तू तिकडं, आमी इकडं. काय करायचं माणसानं?" असं ते म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शिवाय जिंतूरकडून एक सोयरीक चालून आली होती. घरात बसलेली मुलगी पाहुण्यांना दाखवायला सोपी पडते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. शेवटी आईनं मध्ये पडून तोडगा काढला. दसऱ्याला वर्ग सुरू झाला तर मी राहायचं, नाही झाला तर आप्पांबरोबर घरी यायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे ज्याचं त्याचं हत्यार पूजेला लागतं. शेतकऱ्याचा नांगर, आप्पांचा गज आणि कात्री, सरांची टायपिंगची मशीनं. त्या वर्षी मधोमध संगणक होता. काचेच्या कोपऱ्यात कुंकू, वर झेंडूचा हार. संगणकाबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तकही सरांनी पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. मला उद्यासाठी थोडा हात फिरवून घ्यायचा होता. मी बटणाकडे हात नेला तर सर म्हणाले, "आज न्हाई ताई. पूजेतल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो." मग पुस्तक तरी चाळू का, असं विचारलं. तेही पूजेतच होतं. मी मुकाट्यानं मामांच्या घरी गेले.

दसऱ्याला सकाळी सगळे जमले. वर्गात नाव घातलेल्या मुली, त्यांचे वडील, एका टेबलावर पेढे. आप्पांनी आदल्या दिवशी दुकानाची पूजा उरकली होती, त्यामुळे ते पहिल्याच गाडीनं आले. दुकानातल्या मांजरपाटाची शिवलेली मोठी पिशवी त्यांच्या काखेत होती. ती कशासाठी आणली ते मी विचारलं नाही.

सरांनी उत्तरपूजा केली, नारळ फोडला, बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, पडदा उजळला आणि रिकामाच राहिला. रोज तिथे छोट्या चित्रांची गर्दी असायची. मराठी लिहायच्या प्रोग्रामचं चित्र समईचं होतं. त्या समईवर माऊस नेऊन दोनदा टिचकी मारली की तो उघडे. आम्हाला तेवढंच ठाऊक. आज समई नव्हती. एका कोपऱ्यात फायलींच्या कपाटाचं चित्र तेवढं शिल्लक होतं.

सरांचा चेहरा पडला. हळू आवाजात ते मला म्हणाले, "पूजेच्या आधी मी आतूनबी साफसफाई केली होती. लय कचरा झाला होता पडद्यावर. काढत गेलो. ते विचारत होतं, काढू का? मी हो म्हणत गेलो." त्यांना वाटलं होतं, बाहेरची धूळ पुसली तशी आतलीही पुसावी. मशीन असो की माणूस, पूजेला बसायच्या आधी अंघोळ हवी. कपाट तेवढं तिजोरीसारखं दिसतं, शुभ आहे, म्हणून त्यांनी ठेवलं होतं.

त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की प्रोग्राम पुसले गेले, आता औरंगाबादहून माणूस बोलवावा लागेल, वर्ग दिवाळीनंतर. मुलींचे वडील चुळबुळ करायला लागले. आप्पा उठले. त्यांनी पिशवी झटकून उघडली आणि शांतपणे म्हणाले, "चल माय. मामाकडून सामान घिऊ. दुपारची गाडी सापडंल."

मला रडू आलं नाही, संताप आला. सरांचा नाही, आप्पांचा नाही, त्या समईचा. एवढे दिवस तिला टिचक्या मारल्या आणि तिच्यामागे काय आहे हे कधी विचारलं नाही. मी म्हणाले, "आप्पा, जरा बसा." आणि पाटावरचं पुस्तक उचललं. पानांवर कुंकू सांडलेलं. कपाटाच्या चित्राचा धडा काढला. इंग्रजी माझं जेमतेम, पण शोधणे हा शब्द कळला. कुठून शोधायचं ते सांगा, काय शोधायचं ते सांगा, असं लिहिलं होतं. नाव माहीत नसेल तर नावाच्या जागी एक चांदणीची खूण टाका, आणि पुढे टिंब देऊन प्रत्येक प्रोग्रामच्या नावाअखेर येणारी तीन इंग्रजी अक्षरं.

मी कपाट उघडलं, चांदणी टाकली. वाळूचं घड्याळ फिरत राहिलं, आतून करकर आवाज येत राहिला. मग नावं आली, खालीवर सरकवावी लागतील इतकी. म्हणजे पुसलं काहीच गेलं नव्हतं. दारावरच्या पाट्या तेवढ्या काढल्या होत्या, माणसं घरातच होती. पण यातलं आपलं कोणतं? आम्ही कुणी त्याचं नावच कधी वाचलं नव्हतं.

मग मी एकेकाचं दार वाजवायला लागले. पहिल्या टिचकीला भिंतीवरचं असावं तसं घड्याळ उघडलं, आणि तेही मागे पडलेलं. एक वडील आपल्या मनगटाकडे बघून म्हणाले, "वेळ तरी नीट दाखव म्हणावं." दुसऱ्या नावानं गणितं करायची पाटी दाखवली. तिसऱ्यातून हिरव्या गालिच्यावर पत्ते निघाले. मागून आप्पांचा आवाज आला, "ह्याच्यासाठी ऱ्हायलीस व्हय परभणीला?" सगळे हसले. माझे कान तापले, तरी हात थांबवला नाही. काहींमधून तर काहीच उघडेना, नुसत्या तक्रारी. आणि मग एका अनोळखी, आखूड नावावर टिचकी मारली तर पडद्यावर समई उजळली. खाली कोरं पान आलं.

सरांनी डोळे पुसले. मी पानावर श्री लिहिलं. कुणीतरी पेढ्यांचा डबा उघडला.

आप्पा मात्र पेढ्याला हात लावेनात. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी आले. दुकानात कापड फाडण्याआधी ते गज दोनदा लावून बघत, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी.

"हे बंद कर," ते म्हणाले.

मी बंद केलं.

"आता पुन्हा काढ. नशिबानं घावलं, का तुला येतंय, ते बघू दे."

पडदा पुन्हा रिकामा झाला होता. मी कपाट उघडलं, या वेळी चांदणीऐवजी ते आखूड नाव टाकलं. यादीत एकच ओळ आली. टिचकी, समई, कोरं पान. आप्पांनी खिशातून आपट्याची पानं काढली. लहानांनी मोठ्यांना सोनं द्यायचं असतं, पण मी उठायच्या आत त्यांनीच ती माझ्या हातावर ठेवली.

दुपारी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. बोरीची गाडी लागली होती. पायरीवर चढून ते वळले आणि काखेतली पिशवी माझ्या हातात दिली.

"ही ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ," ते म्हणाले. "दिवाळीला यायचं आसंल तवा कपडे कशात आणशील?"