शेवटची हजेरी

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी ताई चाळिशीतही अवकाशयानांच्या ऑनलाइन गेमपायी वेडी होती. नाद लावला धाकट्या भावाने, आणि तोच तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला. गेमच्या मित्रयादीत त्याच्यापुढे ‘शेवटची हजेरी’ची तीच जुनी तारीख दिसायची. आई रोज चहाआधी ताईच्या फोनवर ती बघायची.

मग नोटीस आली: वापरात नसलेली खाती पुसणार. कंपनीला कुठलं काळीज? ताईचं धाबं दणाणलं. भावाचा पासवर्ड तिला ठाऊक होता. आज पहाटेच त्याच्या खात्यात शिरून तिने ते वाचवलं.

चहाआधी आई किंचाळली, “अगं, आजची तारीख! जिवंत आहे माझं लेकरू! लिही त्याला, लवकर!”

ताईने भावाच्या खात्यावर निरोप लिहिला.

उत्तरही आता तिलाच लिहावं लागणार होतं.