न बोलावता आलेले

आमच्या वरच्या मॅडम न बोलावता आलेलं काहीच हाकलत नसत. वादळात शेजारच्या कापसाच्या जिनिंगच्या छपराचा एक पत्रा आमच्या गच्चीवर येऊन पडला. मालक न्यायला येईना, तेव्हा मॅडमनी तो पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून बसवला. भटकी मांजर आली, तिला तुरीच्या पोत्यांपाशी उंदरांवर नेमलं. "हाकलू नोको, कामाले लाव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या स्वतः दिग्रसला बदलीवर जीवशास्त्र शिकवायला आल्या. वर्षभरासाठी म्हणून आमची वरची खोली घेतली आणि निवृत्तीनंतरही तिथंच राहिल्या. भाडेकरूच्या घरच्या कधी झाल्या, हे मला सांगता येत नाही. आणि मी हिशेबाचा माणूस आहे.

माझी मुलगी स्वाती बाळंतपणाला माहेरी आली. आधी एकदा तिचा गर्भ गेला होता. सातव्या महिन्यात ताप आला, डॉक्टर 'व्हायरल' म्हणाले, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. विषाणू बाळापर्यंत गेला तर, एवढंच विचारी.

दुपारी मॅडम तिच्या उशाशी बसल्या. अंगाई म्हणावी तशा आवाजात सांगू लागल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक विषाणू आपल्या पूर्वजांच्या शरीरात शिरला, बीजात उतरला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला राहिला. रोग करणं विसरला. पेशींना पेशी जोडायची खोड तेवढी उरली. त्याच खोडीवर शरीरानं वारेचा पडदा विणला. आईचं अन्न बाळाला पोचतं ते त्यातूनच, आणि बरेचसे रोगजंतू अडतात तेही तिथंच.

अशा विषाणूंचे अवशेष किती, मी विचारलं. आपल्या जनुकद्रव्यात शंभरातले आठेक भाग, त्या म्हणाल्या. बहुतेक नुसते पडून, थोडे कामाला.

"हा ताप तसा नाही बेटा, याची गोळी वेळेवर घ्याची," त्यांनी बजावलं. "पण तुया पोटात जो पहारा देऊन राह्यला, तोही कधी असाच घुसलता."

स्वातीनं कूस बदलली. "मंग त्याले हाकललं काहून नाही?"

"हाकलाले जमलं नाही. मंग कामाले लावलं."

ताप उतरला. दिवस भरल्यावर दवाखान्यात मुलगी झाली. आम्ही सगळे बाळावर वाकलो होतो. मॅडमनी मात्र सिस्टरला वार दाखवायला सांगितली. ट्रेमधल्या त्या लालजांभळ्या गोळ्याला हात जोडले. "इले कोणी पाहतच नाही," म्हणाल्या.

मागच्या हिवाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. खोली मी कोणाला दिलेली नाही. परवा झाडायला गेलो, तर कुठल्या पाखरानं टाकलेल्या बीचा तोंडल्याचा वेल खिडकीतून शिरून त्यांच्या पलंगापर्यंत आला होता. मी खालून कात्री आणली. पानांची सावली रिकाम्या गादीवर हलत होती. कोणी कूस बदलावी तशी. 

मग त्याच कात्रीनं सुतळी कापली आणि वेल खिडकीच्या गजाला बांधला.