अरविंदचं राहिलेलं वाचन

सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. शेअर बाजार उघडायला दहा मिनिटं, म्हणजे आम्हा लोकांची पूजेची वेळ! मोबाइल नाकाशी धरून बसलो होतो, तेवढ्यात अरविंदच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला. "काका, बाबा गेले… झोपेतच." पुढे ती काय बोलली ते आठवत नाही. सात आठवडे झाले त्याला. त्या दिवशी बाजार वर गेला की खाली, मला आजही माहीत नाही. निवृत्त झाल्यापासून असा दुसरा दिवस गेलेला नाही.

अरविंद माझा शाळेपासूनचा दोस्त. कॉलेजात गणित शिकवायचा. निवृत्तीनंतर त्यालाही माझ्यासारखीच शेअरची चटक लागली. ग्वाल्हेरच्या दाना ओलीत एका दलालाच्या माडीवर आम्ही दहा-बारा हौशी जण जमायचो. मी वीजमंडळातला, एक कंपाउंडर, भजनी मंडळातल्या एक बाई… भिंतीवरच्या टीव्हीवर आकडे पळायचे, खालून कचोऱ्या यायच्या आणि जो तो दुसऱ्याला अक्कल शिकवायचा. अरविंदने सपाटून मार खाल्ला आणि एक दिवस जाहीर केलं, "आता सौदे बंद. मी पुस्तक लिहिणार, आपल्या सगळ्यांवर!" आम्ही पोट धरधरून हसलो. "लिही बाबा, तेवढीच रद्दी वाढेल," मी म्हणालो.

पण गडी जिद्दीचा. पहिलं प्रकरण त्याने स्वतःवर लिहिलं आणि आधी आपल्या बायकोला वाचून दाखवलं. त्यातून त्याचा नियमच झाला. ज्याच्यावर लिहिलं त्याच्या घरी जायचं, घरच्यांसमोर मोठ्याने वाचायचं, आणि ऐकून घरचं माणूस जे बोलेल ते शेवटी जसंच्या तसं उतरवायचं. त्याशिवाय छापायचं नाही. हजिरा मोहल्ल्यात एका घरातून त्याला चहासुद्धा न देता हाकललं. आठवड्याने त्याच बाईंनी डाळ भरलेल्या बेढई पुऱ्या करून बोलावलं. "घरातल्या घरात बोलायलासुद्धा कधीकधी तिसरा माणूस लागतो रे," तो म्हणायचा. अशी अकरा घरं झाली. बारावं माझं होतं.

माझी भानगड अशी. लक्ष्मीपूजनाला बाजार मुहूर्तापुरता तासभर उघडतो. पाच वर्षांपूर्वी त्या तासात मी एका कंपनीचे बरेच शेअर घेतले. सौद्याचा कागद छापून देवापुढे ठेवला आणि शालूने, माझ्या बायकोने, त्यावर हळद-कुंकू वाहिलं. दोन महिन्यांत भाव घसरायला लागला. अरविंद ओरडत होता, "विक गाढवा!" पण लक्ष्मीपूजनाला घेतलेलं विकायचं म्हणजे लक्ष्मीला हाताला धरून घराबाहेर काढणं! शालूला काय वाटेल? नाही विकले. कंपनीच बुडाली. आणि मी असा भेकड, की दर दिवाळीला तोच कागद देवापुढे ठेवत राहिलो, आणि ती बिचारी त्यावर कुंकू वाहत राहिली. लिहितानाही लाज वाटते, पण आता काय लपवायचं?

हे सगळं अरविंदने लिहिलं. "कधी येऊ वाचायला?" तो विचारायचा. मी म्हणायचो, दिवाळी होऊ दे. मग म्हणालो, संक्रांत होऊ दे. कंपू मोहल्ल्यात, आमच्या शेजारच्या घरी त्याचं वाचन होतं, तेव्हा शालूही ऐकायला गेली होती. तिने सरळ विचारलं, "भावजी, आमच्या ह्यांच्यावर नाही का लिहिलंत?" अरविंद शांतपणे म्हणाला, "ते अजून शिजतंय, वहिनी." खोटं बोलला नाही आणि मला उघडंही पाडलं नाही. असा मित्र मिळायला नशीब लागतं. बाजारात नसलं, तरी तेवढं नशीब माझं होतं.

तेराव्यानंतर मुक्ता माझ्या प्रकरणाची पानं घेऊन आली. ग्वाल्हेरची पोर, मराठीत सुरू करते आणि हिंदीत शिरते. "काका, प्रेसवाले पूछ रहे हैं. तुमचं प्रकरण ठेवायचं की काढायचं? बाबांचा नियम तुम्हाला माहितीच आहे… मैं कुछ नहीं बोलूँगी." शेवटचं अर्धं पान कोरं होतं. 'काढ' म्हणणं किती सोपं होतं! शालूला जन्मात कळलं नसतं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला समोर बसवलं आणि वाचायला लागलो.

"पाच दिवाळ्या मला बावळटासारखं कुंकू वाहायला लावलंत?" ती कडाडली. चांगलंच झाडलं मला. मी पुटपुटलो, "तुला वाईट वाटेल म्हणून विकले नाहीत गं…" तेव्हा तिने कपाळाला हात लावला आणि रागारागातच हसायला लागली. "अहो, मला विचारायचं तरी! मी पहिल्याच महिन्यात विका म्हटलं असतं. लक्ष्मी काय त्या कागदाला चिकटून बसलीये?"

ते मी माझ्या हाताने कोऱ्या जागेत लिहिलं. पुस्तक छापायला गेलंय. अरविंदला हे ऐकायला मिळायला हवं होतं, असं फार वाटतं.

मुक्ताने सगळ्या पानांची एक प्रत आम्हालाही दिलीय. शालूच्या हुकमावरून रोज चहानंतर मी एक प्रकरण मोठ्याने वाचतो. काल कंपाउंडरचं चाललं होतं. हसू येत होतं, म्हणून मी भराभर पुढे पळत होतो. तिने हात वर करून थांबवलं.

"हळू वाचा. भावजी असे धावत नसत… मध्ये थांबत, समोरच्याला बोलायला जागा ठेवत."

मी थांबलो. आणि मग आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो.