साखरेच्या डब्याची किल्ली

कमी बोलणाऱ्या माणसाकडं किस्से फार साठतात. बाकीचे बोलत असतात तेव्हा तो बघत असतो ना! लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आले त्याला दहा महिने झाले, आणि माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच विषयावरचे आहेत. सासऱ्यांची, म्हणजे नानांची, शुगर!

मी आले तेव्हा नानांचा मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी बजावलेलं, "आधी साखर खाली आणा, मगच ऑपरेशन. नाहीतर जखम भरायला त्रास होईल." तोवर स्कूटर बंद, आणि पेपर मी वाचून दाखवायचा. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, साखरेचा डबा कपाटात टाकून कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली.

*

नाना जन्मभर सरकारी कारकून. तपासणीच्या आधी तीन दिवस कारल्याची भाजी नि ज्वारीची भाकरी खाऊन ऐटीत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी भलतीच टेस्ट लिहून दिली. "साखर रक्तातल्या पेशींना चिकटून राहते. यात तीन महिन्यांची सरासरी कळते."

नाना हादरले. "म्हणजे हे रक्त आहे का हजेरीपट?"

*

पाचोडहून आईंचे भाऊ मोसंबीचं पोतं घेऊन आले. नाना तोंडदेखलं नको म्हणाले.

"घ्या हो दाजी! घरच्या झाडाची हाय, औषध नाय मारलं. हिच्यात कुठली आली साखर?"

नानांनी बसल्या बसल्या सहा संपवल्या. घरच्या साखर मोजायच्या मशीनवर आकडा आला २९०. मामांनी मशीन उलटंसुलटं करून बघितलं.

"हे बाजारच्या मोसंबीचं मशीन दिसतंय!"

*

जेवल्यावर चालायचं, म्हणजे स्नायू साखर वापरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. नाना रोज अर्धा तास चालायला लागले. साखर मात्र वर! शेवटी कळलं, ही फेरी इमरती-जिलेबीच्या दुकानाला वळसा घालून येते.

"स्नायूंना वापरायला काहीतरी द्यावं लागतं ना!" नाना म्हणाले.

*

एकदा नानांनी शुगरची गोळी घेतली आणि बँकेच्या रांगेत जेवण राहिलं. घरी आले ते घामानं थबथबलेले, हात थरथरताहेत. साखर एकदम घसरली होती! आई कपाटाकडं धावल्या, पण घाबरल्यामुळं कमरेचीच किल्ली सापडेना. मी शेजारच्या भाभींकडं पळाले.

"भाभी, शक्कर! जल्दी!"

"तुम्हारे यहाँ तो शक्कर बंद है ना?"

"आज चालू है!"

सासरी आल्यापासून मी एवढ्या मोठ्यानं कधीच बोलले नव्हते. साखरेचं पाणी पिऊन नाना पंधरा मिनिटांत सावरले. पहिलं वाक्य, "अजून अर्धा ग्लास मिळेल का?"

*

आई मात्र ठणठणीत. "मला आयुष्यात कधी काही झालं नाही," हे दिवसातून दोनदा. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, आणि निम्मा माठ आई एकट्या संपवायच्या. ऐन जानेवारीत!

"इथलं ऊनच तसं गं."

मी नुसती बघत होते.

*

ऑपरेशन मागच्या महिन्यात छान पार पडलं. नाना आता पेपर स्वतः वाचतात, आणि मी वाचताना काय काय गाळायचे तेही सांगतात. पण त्याच्या आधीची एक सकाळ मी विसरणार नाही.

डॉक्टरांना दाखवायच्या वहीत रोजचा उपाशीपोटीचा आकडा लिहायचा होता. त्या दिवशी आला १९२. नाना आईंकडं वळून कळवळले.

"अगं, एवढ्या वेळेला तुझं बोट दे. तुझा आकडा लिहितो."

"डॉक्टरला फसवायचं?"

"ऑपरेशन लांबलं तर स्कूटर तू चालवशील का?"

आईंनी मुकाट्यानं हात धुतले आणि बोट पुढं केलं. मी नवी सुई लावली.

२४८.

"मशीन बिघडलंय," आई म्हणाल्या.

मी आणखी एक सुई काढली आणि माझं बोट टोचलं. ९१.

नानांनी वहीत स्वतःचा १९२ लिहिला. पट्टी घेतली, शेजारी सरळ रेघ ओढून नवा रकाना आखला, वर आईंचं नाव घातलं. मग आईंपुढं तळहात धरला.

"किल्ली."