दिराने घरी आणलेला सिलिंडर

करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळेवाडीत जो तो काही ना काही साठवत होता. माझ्या दिराचं महाळुंग्यात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्याने वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर टेम्पोत घालून घरी आणला आणि कपाटाशेजारी उभा केला.

"असू दे वहिनी. आईला दमा आहे."

इकडे शेजारणीच्या नवऱ्याचा ऑक्सिजन ब्याऐंशीवर आला होता. त्याला ठेवलेल्या दवाखान्यात गॅस होता, पण सिलिंडर कमी पडत होते, म्हणून ती सकाळपासून रिकामा सिलिंडर शोधत वणवण फिरत होती. मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "वेल्डिंगचा तसाच लावता येत नाही. आम्ही साफ करून भरून घेऊ, लगेच पाठवा."

दीर दारात आडवा उभा राहिला. "उद्या आईला लागला तर?"

"तर उद्या मी दारोदार फिरेन. तिला आज हवाय. उचला, भावोजी."

"तुमच्या जबाबदारीवर हां," म्हणत त्याने उचलला.

शेजारीण नवऱ्याला घेऊन बाराव्या दिवशी घरी आली. तोवर मी दिवसातून चारदा सासूबाईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत होते आणि दिरासमोर जायचं टाळत होते.